तुम्ही विचारलंत म्हणून : शाखा बंद कधी पडली?

मी वेंगुर्ल्याचा म्हटलं की समोरचा माणूस लगेच आमचे समाजवादी खासदार बॅरिस्टर नाथ पैंचं नाव घेतो, आणि त्यामागोमाग तो ठरलेला प्रश्न येतो : "तुमच्याकडे समाजवाद्यांची एवढी घट्ट शाखा होती, ती बंद कधी पडली हो?" विचारणारा पुण्याचा असला तर उत्तरही तोच देतो : "फुटून फुटून संपले, दुसरं काय!"

फुटीचं आधी उरकून टाकतो. १९४८ साली नाशिकच्या अधिवेशनात समाजवाद्यांनी काँग्रेस सोडली तेव्हा नाव नुसतं 'समाजवादी पक्ष' होतं, आणि पहिल्या निवडणुकीत चिन्ह मिळालं ते झाड. १९५२ ला देशभरात लोकसभेच्या १२ जागा आल्या. लगेच आचार्य कृपलानींच्या पक्षाशी विलीनीकरण झालं, नाव प्रजा समाजवादी झालं आणि झाडाच्या जागी झोपडी आली. १९५५ ला डॉ. लोहिया वेगळे झाले, १९६४ ला पुन्हा सगळे एकत्र येऊन 'संयुक्त' झाले, १९६५ ला वाराणसीत परत दोन तुकडे, १९७१ ला परत एक. १९७७ ला जनता पक्ष, चिन्ह चक्रातला नांगरधारी शेतकरी. १९८८ ला जनता दल आलं, तेव्हा चिन्हात नुसतं चक्र उरलं. आमच्या पेंटरची यात चांगली सोय होती. पाटी एकच, वरचा थर तेवढा बदलायचा.

हसू नका. १९५२ आणि १९५७ च्या निवडणुकांत दर उमेदवाराची मतपेटी वेगळी असायची आणि तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं असायचं. वाचता न येणाऱ्या बाईला नाव नाही, चित्र ओळखायचं होतं. तिला एकदा झाड पढवलं की झोपडी पढवायला परत वाडीवाडीत फिरावं लागे. "चित्र काय ह्या टायमाक?" हा प्रश्न आमच्या कार्यकर्त्यांनी जन्मभर ऐकला.

पण फुटीमुळे शाखा मोडली असं काही झालं नाही. वर कितीही तुकडे पडले तरी खाली बाजारातल्या शाखेच्या माडीवर बसणारी माणसं तीच होती : दोनचार शिक्षक, एक शिंपी, एक पोस्टातून निवृत्त झालेले काका, एक आंब्याचा व्यापारी, आणि माझे वडील. खरं दुखलं ते एकदाच, १९६५ ला. आमचे दोन मोठे नेते वेगळे झाले : एसेम जोशी संयुक्त समाजवादीत राहिले आणि नानासाहेब गोरे प्रजा समाजवादीत. नाथही नानासाहेबांबरोबर. आमच्या घरात एसेम आणि नानांचे फोटो एकाच खिळ्यांच्या ओळीत होते. आई म्हणाली, फोटो काढणार असाल तर दोन्ही काढा. दोन्ही राहिले.

शाखा म्हणजे काय होतं, हे सांगितल्याशिवाय ती बंद पडली म्हणजे काय झालं ते कळणार नाही. पक्षाचं काम निवडणुकीच्या आधी दोन महिने. एरवी संध्याकाळी मुलांसाठी राष्ट्र सेवा दल : मैदानावर लेझीम, कबड्डी, गाणी, मग अभ्यासमंडळ. सगळ्या जातींची मुलं एका रांगेत बसून खात. आज हे वाक्य साधं वाटतं, तेव्हा त्यापायी घरी मार खाल्लेली मुलं मला ठाऊक आहेत. आणि माडीवर सगळ्यात जास्त चालायचं ते लिहिण्याचं काम. आमच्या भागातले तरणे पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, घरी बायका आणि म्हातारी माणसं. मनीऑर्डर आली नाही, जमिनीच्या सात-बाऱ्यावर नाव चढलं नाही, एसटी गावात येत नाही, की पावलं माडीकडे. पोस्टातले काका अर्ज लिहून देत. माझ्या मते आमच्याकडचा समाजवाद म्हणजे निम्मा तो अर्जांचा गठ्ठा.

त्यात गोव्याची सीमा हाकेच्या अंतरावर. १९५५ च्या सत्याग्रहात नानासाहेब गोरे, मधु लिमये, मधु दंडवते वेगवेगळ्या तुकड्या घेऊन पोर्तुगीज हद्दीत शिरले, मार खाल्ला. लिमयांनी तर तिथल्या तुरुंगात दीड वर्षाहून जास्त काढलं. १५ ऑगस्टला पत्रादेवीला गोळीबार झाला. शेजारच्या माणसांनी पाहिलेलं दुःख होतं ते, पेपरात वाचलेलं नव्हे. दोन वर्षांनी, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, नाथ राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले. १९६२ आणि १९६७ लाही तेच. ते ऑस्ट्रियन बायको असलेले लंडनचे बॅरिस्टर, आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेचे अध्यक्ष, आणि सभेत मालवणी सुरू केलं की मागच्या रांगेतली म्हातारीही पुढे सरकायची. १७ जानेवारी १९७१ ला ते बेळगावात सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या सभेत बोलले आणि त्याच रात्री गेले. वय ४८. मी शाळकरी होतो. दुसऱ्या दिवशी बाजार आपोआप बंद राहिला, कोणाला सांगावं लागलं नाही.

लगेच दोन महिन्यांत निवडणूक. इंदिरा गांधींची लाट अशी की देशात प्रजा समाजवादीला लोकसभेच्या फक्त दोन जागा मिळाल्या. त्यातली एक आमची, मधु दंडवत्यांची. पुढे आणीबाणीत दंडवते बंगळूरच्या तुरुंगात, त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. १९७७ ला ते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोम आला. वेंगुर्ल्याला रेल्वे नाही, आजही नाही, तरी माडीवर त्या फोमचा अभिमान असा, जणू गादी आम्हीच शिवली!

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आमच्या शाखेने चौतीस वर्षं खासदार निवडून दिला आणि त्याखालचं जवळजवळ सगळं काँग्रेसला सोडून दिलं. लोकसभेला नाथ नाहीतर दंडवते, आणि सोसायटीला, पंचायत समितीला, जिल्हा परिषदेला 'ते आपलं काम नव्हे'. कर्ज कोणाला द्यायचं, रस्ता कुठल्या वाडीत न्यायचा हे ठरवणाऱ्या खुर्च्यांची आमच्या लोकांना जरा शिसारीच होती. सत्तेला न शिवण्याचा एक सोवळेपणा त्यात होता आणि त्याचं कौतुक मी आता करत नाही. मतदार आमच्या माणसांना मान देत, आणि कामाला दुसरीकडे जात.

दुसरी गोष्ट मुंबईत घडली. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला, तो कधी मिटलाच नाही, आणि मनीऑर्डरी आटल्या. परतलेल्या, न परतलेल्या त्या माणसांच्या पोरांना लालबाग-परळमध्ये एकच दार रोज संध्याकाळी उघडं दिसत होतं, शिवसेनेच्या शाखेचं. नोकरी, दवाखाना, भांडण, सगळं तिथे. गणपतीला गावी येताना ती मुलं तीच शाखा बरोबर घेऊन आली. आमच्या माडीवर तोवर अर्ज लिहिणारे काका वारले होते आणि सेवा दलाच्या मैदानावर कोणी लेझीम काढत नव्हतं. १९९० ला मालवणातून शिवसेनेचे नारायण राणे विधानसभेवर गेले. त्याच वर्षी दंडवते दिल्लीत अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, आणि कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालेलं. नाथांपासून ज्या रेल्वेसाठी भांडलो ती खरोखर येत होती. १९९१ ला दंडवते हरले. १९९६ ला सुरेश प्रभू शिवसेनेकडून आले. १९९८ ला रूळ पूर्ण झाले तेव्हा आमचा तिथे कोणी नव्हता.

तारीखच हवी असेल तर १९९९ धरा. जनता दलाचे 'सेक्युलर' आणि 'युनायटेड' असे दोन झाले, त्यावर माडीवर बैठक बोलावली. वडील काठी टेकत गेले, मी सोबतीला. दीड तास चर्चा झाली, त्यातली बरीचशी १९६५ वर. ठरलं ते इतकंच : थकलेलं भाडं वर्गणी काढून फेडायचं, आणि टेबल नि दोन बाकं वाचनालयाला द्यायची. सेक्युलर की युनायटेड, हा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. ती बैठक अजून व्हायची आहे.