फोडणीचा ठसका आणि ओटीपोटाचा तळ

दुसऱ्या बाळंतपणाला चार महिने झाले तरी फोडणीचा ठसका लागला किंवा बाळाला पाळण्यातून उचलले की माझी थोडी लघवी होऊन जात असे. आईला सांगितले तेव्हा "बाळंतपणानंतर होतंच गं असं" असे ती मायेने म्हणाली, आणि त्या समजुतीवर मी आणखी दोन महिने घालवले. साधारण दर तीन बाळंतिणींमागे एकीला हा त्रास होतो, हे खरे. परंतु पुष्कळ जणींना होतो म्हणून तो मुकाट्याने सोसावा, हे मला मुळीच मान्य नाही.

गर्भाचा भार आणि प्रसूतीच्या वेळचा ताण यांमुळे ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे पसरलेले स्नायू सैल पडतात आणि खोकताना पोटातला दाब वाढला की मूत्रमार्ग मिटून धरायला ते अपुरे पडतात. पोटपट्ट्याने हे स्नायू बळकट होत नाहीत. त्यासाठी त्यांचाच व्यायाम लागतो. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी 1948 साली तो मांडला, म्हणून त्याला केगल व्यायाम म्हणतात.

तो मी व्हिडिओ पाहून घरी करत होतेच, पण फिजिओथेरपिस्टने तपासल्यावर कळले की स्नायू आत आणि वर ओढण्याऐवजी मी श्वास रोखून खाली जोर देत होते, म्हणजे नेमके उलटे. चारचौघांत वायू अडवताना जसे आवळतो तसे आवळायचे, योनिमार्गही त्याबरोबर वर ओढायचा, मांड्या आणि नितंब सैल ठेवायचे आणि श्वास चालू ठेवायचा, असे तिने शिकवले. एका वेळी किमान 8 आकुंचने, दिवसातून 3 वेळा, निदान 3 महिने. लघवी करताना धार अडवून सराव करू नये, कारण त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे न होण्याची भीती असते, हेही तिने बजावले. मला सर्वांत उपयोगी पडली ती एक साधी युक्ती: शिंक किंवा खोकला येतो आहे असे वाटताच आधी आवळून धरायचे आणि मग शिंकायचे.

पाणी कमी पिण्याची माझी सवय तिने मोडली, चहा दोन कपांवर आणला आणि बद्धकोष्ठतेवर उपचार करायला लावले, कारण शौचाला कुंथल्याने हेच स्नायू ताणले जातात. ज्यांना अचानक अनावर घाई होऊन लघवी सुटते, त्यांच्यासाठी दोन वेळांमधले अंतर हळूहळू वाढवण्याचा किमान 6 आठवड्यांचा निराळा सराव असतो. लघवीत रक्त दिसले, जळजळ झाली किंवा योनीतून काही खाली येत असल्यासारखे वाटले, तर मात्र व्यायामावर न थांबता आधी डॉक्टरांना दाखवावे.

अडीच महिन्यांनंतर ठसक्याची भीती गेली आहे. दोरीच्या उड्या मारताना अजून थोडे गळते, म्हणून पुढच्या महिन्यात तिने पुन्हा तपासायला बोलावले आहे.