पंचवीस रंग, पण सोळा पिक्सेलच्या चौकटीत

एनईएससाठी (निन्टेन्डोचं जुनं ८-बिट गेम-यंत्र) गेम करायला घेतला की पहिला प्रश्न असतो रंग किती मिळतात. एका वेळी पडद्यावर २५. बॅकग्राउंडच्या चार पॅलेटमध्ये (पॅलेट म्हणजे रंगांचा छोटा संच) तीन-तीन, स्प्राइटच्या, म्हणजे नायक-शत्रूंसारख्या हलत्या चित्रांच्या, चार पॅलेटमध्ये तीन-तीन, आणि सगळ्यांच्या मागे एक सामाईक रंग. तेवढ्यात छान भागतं. डोकं खातं ते दुसरंच: कुठला रंग कुठे टाकता येईल, हे १६ बाय १६ पिक्सेलची चौकट ठरवते. (नव्वदच्या दशकात आपल्याकडे 'कॅसेटवाला गेम' म्हणून मिळणारी यंत्रं बहुतेक याच रचनेच्या नकला होत्या, त्यामुळे हे रंग अनेकांच्या डोळ्यांना ओळखीचे असतील.)

पडदा २५६ बाय २४० पिक्सेलचा, त्यावर ८ बाय ८ पिक्सेलच्या टाइल (चित्राचे ठरावीक तुकडे), आडव्या ३२ आणि उभ्या ३०. टाइलमध्ये रंग नसतात, नुसते ० ते ३ आकडे असतात. त्यांना रंग देणारं पॅलेट मात्र प्रत्येक टाइलला वेगळं मिळत नाही. शेजारच्या चार टाइलच्या चौकोनाला मिळून एकच. म्हणजे लाल कौलांचं छप्पर आणि मागचं हिरवं झाड एकाच चौकोनात आलं, तर एक तर कौलं हिरवी होतात नाही तर झाड लाल.

ही माहिती साठते ६४ बाइटच्या तक्त्यात. एक बाइट ३२ बाय ३२ पिक्सेलचा भाग सांभाळतो, त्यातल्या चार चौकोनांना दोन-दोन बिट. हिशेब असा: खालच्या उजव्या चौकोनाचं पॅलेट गुणिले ६४, खालच्या डाव्याचं गुणिले १६, वरच्या उजव्याचं गुणिले ४, वरच्या डाव्याचं जसंच्या तसं, सगळ्यांची बेरीज. वरच्या दोन चौकोनांना पॅलेट १ आणि खालच्या दोघांना पॅलेट २ हवं असेल, तर १२८ + ३२ + ४ + १ = १६५. शेवटच्या ओळीतल्या बाइटचा खालचा अर्धा भाग वाया जातो, कारण ३० टाइलना चाराने पूर्ण भाग जात नाही.

चौकट लपवायची कशी? चारही पॅलेटमध्ये एक रंग सारखा ठेवायचा, शक्यतो सगळ्यात गडद. मग दोन पॅलेटची सीमा त्याच रंगाच्या पिक्सेलवर पाडली की डोळ्याला जोड दिसत नाही. सामाईक रंग काळा ठेवलात तर हे फुकटात होतं, आणि गुहा, रात्र, अंतराळ असे प्रसंग म्हणूनच सोपे जातात. सामाईक रंग आभाळाचा निळा ठेवला की आकृतीभोवतीच्या काळ्या रेघेसाठी प्रत्येक पॅलेटमधली तीनपैकी एक जागा जाते. माझं मत: निळं आभाळ हवं असेल तर काळी रेघ सोडा. १९८५च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये मारिओचे तीन रंग आहेत १६, २७ आणि १८: लाल, केशरी आणि शेवाळी तपकिरी. केस, सदरा, बूट सगळे त्या १८ मध्येच उरकलेत, काळी बाह्यरेघ नाहीच. ढग आणि झुडपं तर एकाच टाइलची आहेत, फक्त पॅलेट बदललंय.

हे रंगांचे क्रमांक हेक्समध्ये आहेत, म्हणजे सोळाच्या पायावर: ९ नंतर ए ते एफ. पहिला अंक उजळपणा सांगतो, ० ते ३, दुसरा रंगछटा. १ ते सी अशा बारा छटा, एकमेकींपासून ३० अंशांवर. एकूण ६४ क्रमांक असले तरी काळा बऱ्याच ठिकाणी आहे आणि २० व ३० दोन्ही पांढरेच, त्यामुळे वापरण्याजोगे वेगळे रंग ५४. काळ्यासाठी ०एफ घ्यायचा, ०डी कधीच नाही. ०डीचा सिग्नल काळ्याच्याही पातळीखाली जातो आणि काही टीव्ही त्याला सिंक (चित्र जागेवर धरणारी खूण) समजून चित्र हलवतात.

छटा निवडण्याआधी उजळपणा ठरवा. इथे बहुतेकांचं चुकतं, कारण मॉनिटरवर १६ लाल आणि १ए हिरवा स्पष्ट वेगळे दिसतात. मूळ यंत्रात मात्र पीपीयू (चित्र काढणारी चिप) थेट कॉम्पोझिट सिग्नल, म्हणजे रंग आणि उजळपणा एकाच तारेतून, काढतो आणि एनटीएससी या टीव्ही पद्धतीत एक पिक्सेल रंगवाहक लहरीच्या दोन तृतीयांश आवर्तनाएवढाच असतो. एका पिक्सेलच्या तपशिलात रंग फाकतो, टिकतो तो उजळपणाचा फरक. डोळे, अक्षरं, काटे अशा गोष्टींना शेजारच्यापेक्षा निदान एका पायरीचा फरक द्या. तपासायला सोपी युक्ती: पीपीयूच्या २००१ या रजिस्टरचा (सेटिंग लिहायची जागा) बिट ० चालू करा. सगळे रंग आपापल्या ओळीच्या, म्हणजे उजळपणाच्या पायरीच्या, करड्या रंगात दिसतात आणि जे एकमेकांत मिसळतात ते लगेच उघडे पडतात. फक्त २ आणि ३ या दोन्ही ओळी पांढऱ्या दिसतील, तेवढं लक्षात ठेवायचं. बारीक तपशिलात रंग फाकतो, म्हणून चौकडीचं डिदरिंगही (दोन रंगांचे पिक्सेल आलटून पालटून ठेवणं) बेतानेच वापरावं.

स्प्राइटचा रंग ० पारदर्शक, म्हणून हाती तीनच. चेहऱ्यासाठी चौथा रंग हवा तर वर दुसरा स्प्राइट ठेवता येतो, पण एका आडव्या रेषेवर आठच स्प्राइट दिसतात. १६ पिक्सेल रुंद नायकाला दोन, चेहऱ्याचा एक, आणि तसेच रुंद तीन शत्रू शेजारी आले की सहा. झाले नऊ, आणि एक गायब.

पॅलेट पीपीयूच्या मेमरीत ३एफ०० या पत्त्यापासूनच्या ३२ बाइटमध्ये लिहायचं, तेही व्हीब्लँकमध्येच, म्हणजे दोन फ्रेमच्या मधल्या मोकळ्या वेळात. एक सापळा: ३एफ१० हा ३एफ०० चाच आरसा आहे, म्हणजे दोन्ही पत्ते एकाच बाइटचे. ३२ बाइट ओळीने लिहिताना स्प्राइटच्या पहिल्या पॅलेटचा पहिला बाइट वेगळा असेल तर तो सामाईक रंगावर बसतो आणि आभाळ भलत्याच रंगाचं होतं. त्या जागी सामाईक रंगच पुन्हा लिहा.

पडदा काळोखात नेताना दर चार फ्रेमला प्रत्येक क्रमांकातून हेक्स १० वजा करायचे. तपासणी न ठेवता केलंत तर ०० मधून एफ० होतो, पीपीयू खालचे सहाच बिट बघतो, आणि राखाडी भिंत काळी होण्याऐवजी पांढरी चमकते. म्हणून वजाबाकी शून्याखाली गेली की थेट ०एफ टाका. आणि २डी किंवा ३डीचा करडा वापरला असेल, तर तो उतरताना १डीवरून नेमका ०डीवर येतो. त्याच्यासाठी वेगळी अट लिहा.