नदीकडची खोली

लातूरची माणसं हॉटेलच्या खोलीत शिरली की आधी नळ सोडून बघतात. पंखा, एसी, टीव्ही सगळं नंतर. २०१६ चा उन्हाळा ज्यांनी काढला, त्यांची ही खोड आता जायची नाही. त्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. माणसं पोराबाळांना घेऊन ती गाडी बघायला गेली होती. अशा गावातून आलेल्या बाईला, नुसतं पाणी दिसावं म्हणून खोलीचं भाडं जास्त असतं, हे पचायला जरा वेळ लागतो.

लग्न नांदेडला होतं, माझ्या भावाकडचं. पुण्याच्या लेकीनं परस्पर बुकिंग करून टाकलं. म्हणाली, "आई, मामाकडं हॉलमध्ये गाद्या टाकून झोपायचे दिवस गेले. नदीकाठी एक छोटंसं बुटीक हॉटेल आहे. गोदावरीकडची खोली घेतलीय." तिच्या बाबांनी विचारलं, "आणि रस्त्याकडची केवढ्याला आहे?" तिनं फोन ठेवला.

हॉटेल खरोखर छोटं होतं. खोल्यांना नंबर नव्हते, मराठवाड्यातल्या नद्यांची नावं होती. पूर्णा, दुधना, सिंदफणा, तेरणा. पितळेच्या मोठ्या घंगाळात पाणी भरून त्यावर झेंडूच्या पाकळ्या सोडल्या होत्या. माझ्या आजीच्या घंगाळात आम्हा भावंडांच्या आंघोळी व्हायच्या, तीही एकाच पाण्यात. उशांना हिमरूचे अभ्रे होते, खरे असावेत, कारण टोचत होते. काउंटरवरच्या मुलानं किल्ली हातात दिली, तिच्यावर लाकडाच्या तुकड्यावर कोरलं होतं, 'मांजरा'. आमच्या लातूरकडचीच नदी.

"एवढ्या लांब येऊन पुन्हा मांजराच," हे म्हणाले. "हिला तरी पाणी आहे का बघ."

मी नळ सोडला. होतं. भरपूर होतं.

आता ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. जायकवाडीचा जिवंत साठा ७६.६५ टीएमसी हे त्यांना लेकीच्या वाढदिवसापेक्षा पक्कं पाठ आहे. असा माणूस नदीकडच्या बाल्कनीत चहा घेऊन बसला की शेजारच्या माणसाला निवांतपणा मिळत नाही. सप्टेंबर होता, विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडलेले होते, पात्र भरून गढूळ पाणी चाललं होतं. मी म्हटलं, किती छान. हे म्हणाले, "छान काय, चाललंय सगळं तेलंगणात." मग बाभळीचं आख्यान. धर्माबादजवळच्या त्या बंधाऱ्याला चौदा दरवाजे आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे ते १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडेच ठेवावे लागतात. "म्हणजे तुझ्या ह्या खिडकीतलं पाणी आपलं नाही," हे म्हणाले. "लेकीनं तेलंगणातल्या पोचमपाड धरणाच्या पाण्याचं भाडं भरलंय."

मला त्याचं वाईट वाटलं नाही. आपल्या मालकीचं नसलेलं पाणी बघायला जास्त बरं वाटतं, असं माझं मत झालं आहे. स्वतःच्या टाकीत डोकावताना कुणाला सौंदर्य दिसलंय? तिथं नजर फक्त पातळी मोजते. किती उरलं, परवापर्यंत पुरेल का, बोअरचा टँकर सांगावा का. इथं मोजायचं काहीच नव्हतं. जलपर्णीचे हिरवे पुंजके फिरत फिरत येत होते आणि पुलाखाली दिसेनासे होत होते. कुणीतरी थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं टाकत होतं. पुलावर दर थोड्या वेळानं एखादी मोटारसायकल थांबायची, मागची बाई उतरायची, निर्माल्याची पिशवी पिशवीसकट खाली टाकायची, वर हात जोडायची. नमस्कार मनापासूनचा होता, त्याबद्दल शंका नाही. पिशवी तेवढी काढून घ्यायला काय जात होतं, एवढंच.

खालच्या घाटावर गेल्यावर मात्र कळलं की वरच्या मजल्याचे पैसे फक्त दिसण्याचे नसतात, वास न येण्याचेही असतात.

न्हाणीघरात एक पांढराशुभ्र टब होता आणि बादली नव्हती. टबाशेजारी पाटी होती, 'पाणी अमूल्य आहे, कृपया जपून वापरा.' आधी टब बसवायचा आणि मग त्यावर पाटी लावायची! मी खाली फोन करून बादली आणि तांब्या मागितला. मुलगा पाच मिनिटांत घेऊन आला, जराही न हसता. म्हणाला, "पुष्कळ जण मागतात, मॅडम. लातूर, उस्मानाबादचे तर सगळेच." धाराशिव म्हणायची सवय त्यालाही अजून लागली नव्हती. एसीची नळी बाल्कनीत मोकळीच टपकत होती, तिच्याखाली मी बर्फाची बादली सरकवली. सकाळी ती काठोकाठ भरली होती. कोपऱ्यातल्या मनीप्लांटला घातली आणि उरलेल्या पाण्यात ह्यांचे दोन रुमाल निघाले.

नांदेडच्या नळाला येणारं पाणीही विष्णुपुरीच्या धरणातूनच येतं, हे ह्यांनी आंघोळ करता करता आतून ओरडून सांगितलं. म्हणजे खिडकीतून जी दिसत होती तीच गोदावरी नळातूनही येत होती, फक्त गावाच्या वरच्या अंगाला उचललेली आणि गाळलेली. समोरची नदी मात्र गाव ओलांडून पुढे जाता जाता गावाचं सगळं पोटात घेत होती.

संध्याकाळी आम्ही नगिनाघाटावर गेलो आणि तिथून सचखंड गुरुद्वाऱ्यात. नांदेडला इतके वेळा आलो, पण दर वेळी लग्न, बारसं नाहीतर तेराव्याच्या घाईत. या वेळी खोली जवळ होती म्हणून पाय निवांत चालले. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली इथं देह ठेवला, आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या काळातली, १८३२ ते १८३७ मधली, एवढं शाळेपासून माहीत होतं. माधोदास बैराग्याचा मठ याच गोदाकाठी होता, आणि तो इथूनच बंदासिंग बहादूर होऊन पंजाबकडे गेला, हेही वाचलेलं होतं. ठाऊक नव्हती ती एक रीत. लंगरच्या पंगतीत शेजारी बसलेल्या सरदारजींनी अस्सल नांदेडी मराठीत सांगितली. रोज गोदावरीवरून गागर भरून आणायची आणि त्या पाण्यानं तख्त धुवायचं. ज्याच्याकडं हे काम, तो गागरिया सिंघ. पूर असो, थंडी असो, गागर नदीवरूनच यायची.

मी त्यांना विचारलं, "नळ आहे की दारात?"

"आहे की," ते म्हणाले. "पण नळाकडं कुणी चालत जातं का, ताई?"

पंगतीत डाळ दुसऱ्यांदा आली तेव्हाही मी त्याच वाक्यावर अडकले होते. आयुष्यातला केवढा तरी काळ मी पाण्याकडं चालत जाण्यात घालवला आहे. आडावर, हापशावर, टँकरच्या रांगेत. त्यातली एकही फेरी मला पूजा वाटली नव्हती, आजही वाटत नाही. सक्तीनं उचललेली घागर आणि श्रद्धेनं उचललेली घागर यांचं वजन सारखं असलं तरी खांदा दोन्ही वेळी वेगळं सांगतो. सरदारजींशी मी यावर वाद घातला नाही. डाळ फार चांगली होती.

सकाळच्या नाश्त्याला डोसा, पास्ता आणि एका कोपऱ्यात 'मराठवाडा स्पेशल' होतं. तिथं चिनीमातीच्या वाटीत सुशीला, म्हणजे भिजवून फोडणीला टाकलेले चुरमुरे. आमच्याकडं सुशीला परातीत असते आणि तिच्याकडं बघत गप्पा होतात. वाटीत ती चार घासांची होती, वर डाळिंबाचे दाणे. धपाटे मात्र खरे होते, आत कुणीतरी गावाकडची बाई असणार. ह्यांनी शेंगदाण्याची चटणी तीनदा मागून घेतली आणि डोशाकडं ढुंकून पाहिलं नाही.

दुपारी निघायच्या आधी हे परत बाल्कनीत. पाणी रात्रीतून थोडं उतरलं होतं, घाटाच्या दोन पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. मांजरा गोदावरीला कुठं मिळते, हे त्यांनी मला खोलीच्या दारावरच्या पाटीवर बोट ठेवून समजावलं. बीडच्या डोंगरात उगवते, आपल्या लातूरच्या बाजूनं कर्नाटकात जाते, मग तेलंगणात, सिंगूर आणि निजामसागर या धरणांतून, आणि तिथून वळून उत्तरेला येऊन कंदकुर्तीजवळ गोदावरीला भेटते. म्हणजे नांदेडच्याही खाली. आमच्या धनेगावच्या धरणात अडवून उरलेलं पाणी हैदराबादच्या बाजूनं एवढा वळसा घालून येतं आणि आम्ही तेच अंतर लोहा-अहमदपूर रस्त्यानं तीन तासांत कापलं होतं. "नदीपेक्षा एसटी हुशार," हे म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन बॅग उचलली.

बिल लेकीनं भरलेलं होतं, त्यामुळे काउंटरवर बोलायला मोकळीक होती. मी त्या मुलाला विचारलं, "मे महिन्यात नदीत पाणी नसतं तेव्हा ह्या खोलीचं भाडं उतरतं का?"

तो विचारात पडला. हा प्रश्न त्याला आधी कुणी विचारला नसावा. "भाडं तेच राहतं, मॅडम," तो शेवटी म्हणाला. "पण तेव्हा गर्दी नसते. फोन करा, बघू की."

ह्यांनी तिथंच चष्मा लावून त्याचा नंबर घेतला.