नाकातील स्टेरॉइड स्प्रे : दिवसांच्या हिशेबाने काम करणारे औषध

अ‍ॅलर्जिक ऱ्हायनायटिस, म्हणजे अ‍ॅलर्जीमुळे नाकाच्या आतल्या अस्तराला होणारा दाह, सहसा जिवावर बेतत नाही, आणि कदाचित म्हणूनच त्याच्याकडे आजार म्हणून कोणी फारसे पाहत नाही. सकाळी उठल्याबरोबर लागोपाठ येणाऱ्या शिंका, पाण्यासारखे वाहणारे नाक, टाळूला आणि डोळ्यांना सुटणारी खाज आणि रात्री आळीपाळीने चोंदणाऱ्या नाकपुड्या हे सगळे ‘सर्दीची प्रकृतीच आहे’ असे म्हणून वर्षानुवर्षे सोसले जाते. त्यापायी झोप मोडते, दिवसभर डोके जड राहते, मुलांचे अभ्यासातले लक्ष उडते आणि ज्यांना दमाही आहे त्यांचा दमा आटोक्यात ठेवणे कठीण होते. मी लहानपणापासून या आजाराची रुग्ण आहे आणि गेली अनेक वर्षे त्यावर नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे वापरत आहे. माझ्या ओळखीत ज्यांना ज्यांना हे औषध लिहून दिले गेले, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी ते ‘काही उपयोग होत नाही’ म्हणून सोडून दिले. थोडे खोलात जाऊन विचारले की कळते, औषधाला आपला गुण दाखवायला अवधीच मिळालेला नव्हता. या औषधाचे मोजमाप मिनिटांत नव्हे, दिवसांत करावे लागते, आणि तसे का, हे नीट समजले तर ते अर्ध्यात सोडून देण्याची वेळ बहुधा येणार नाही.

परागकण, धुळीतील माइट (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव), बुरशीचे बीजाणू किंवा पाळीव प्राण्यांच्या त्वचेचा कोंडा यांपैकी ज्या पदार्थाची अ‍ॅलर्जी असेल तो नाकात शिरला, की नाकाच्या अस्तरातील मास्ट पेशी हिस्टामाइन आणि इतर रसायने सोडतात. शिंका, खाज आणि पाणी हे त्याचे काही मिनिटांत दिसणारे परिणाम. पण प्रकरण तेवढ्यावर थांबत नाही. काही तासांनी दुसरी लाट येते. इओसिनोफिल आणि इतर दाहकारक पेशी रक्तातून अस्तरात जमा होतात, अस्तर सुजते आणि नाक चोंदते. शिवाय असा संपर्क रोज होत राहिला, तर अस्तर अधिकाधिक संवेदनशील होत जाते, इतके की पुढे अगदी थोड्या परागकणांनी किंवा नुसत्या तीव्र वासाने, थंड हवेच्या झुळकेनेही शिंका सुरू होतात. जुन्या रुग्णांना ‘आता मला कशाचीही अ‍ॅलर्जी होते’ असे जे वाटते, त्यामागे पुष्कळदा हीच स्थिती असते.

अँटिहिस्टामाइनची गोळी हिस्टामाइनचा परिणाम अडवते, म्हणून ती तास-दोन तासांत गुण देते आणि शिंका, खाज, पाणी यांवर चांगली चालते. चोंदलेल्या नाकावर मात्र तिचा प्रभाव बेताचाच असतो. स्टेरॉइडचे काम याहून खोलवरचे आहे. ते अस्तराच्या पेशीच्या आत जाते, तेथील विशिष्ट ग्राहकाशी, म्हणजे औषध ओळखणाऱ्या रिसेप्टर प्रथिनाशी, जोडले जाते आणि पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचून कोणती प्रथिने तयार व्हावीत आणि कोणती होऊ नयेत, यावर परिणाम करते. दाह पेटवणाऱ्या रसायनांचे उत्पादन त्यामुळे मुळातच कमी होते, दाहकारक पेशींची संख्या घटते आणि सूज हळूहळू ओसरते. हे काही क्षणात घडणारे नाही. काहींना पहिल्या बारा तासांत थोडा फरक जाणवतो, पण पूर्ण परिणाम दिसायला एक ते दोन आठवडे नियमित वापर लागतो, क्वचित त्याहूनही जास्त. त्या बदल्यात शिंका, खाज, पाणी आणि चोंदणे या चारही लक्षणांवर ते काम करते आणि पुष्कळांच्या डोळ्यांची खाजही त्याने कमी होते. म्हणूनच मध्यम किंवा तीव्र आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या त्रासासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे या स्प्रेला पहिल्या पसंतीचे औषध मानतात.

येथे एक घोटाळा हमखास होतो आणि तो गंभीर आहे. नाक मोकळे करणारे ऑक्सिमेटाझोलीन किंवा झायलोमेटाझोलीनचे थेंब आणि फवारे यांच्या बाटल्या दिसायला बऱ्याच अंशी अशाच असतात. ते औषध अस्तरातील रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे काही मिनिटांत श्वास मोकळा होतो आणि रुग्णाला तेच खरे औषध वाटू लागते. पण ते तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर परिणाम ओसरताच नाक पहिल्याहून जास्त चोंदते, मग पुन्हा फवारा, पुन्हा चोंदणे, आणि अ‍ॅलर्जीपेक्षा वेगळाच एक आजार जडतो. एकाच्या वापराचे नियम दुसऱ्याला लावले की दोन्हीकडे नुकसान होते. जे दोन-चार दिवसांत थांबवायचे ते महिनोन्महिने चालू राहते आणि जे काही आठवडे चालू ठेवायचे ते दोन दिवसांत थांबते. म्हणून बाटलीच्या रंगारूपावर न जाता तिच्यावरील घटकाचे नाव वाचावे. मोमेटासोन, फ्लुटिकासोन, ब्युडेसोनाइड, बेक्लोमेथासोन, ट्रायमसिनोलोन, सिक्लेसोनाइड ही नावे असतील तर तो स्टेरॉइडचा स्प्रे आहे.

हे औषध मध्येच सोडण्याचे दुसरे कारण म्हणजे भीती. ती निराधार आहे असे म्हणून उडवून लावणे मला योग्य वाटत नाही, कारण तिच्यामागे खरा इतिहास आहे. 1948 मध्ये कॉर्टिसोन संधिवाताच्या रुग्णाला प्रथम दिले गेले, त्याचा परिणाम थक्क करणारा होता, आणि 1950 मध्ये केंडल, हेंच आणि राइखस्टाइन या शास्त्रज्ञांना अधिवृक्क ग्रंथीच्या (मूत्रपिंडावरील ग्रंथीच्या) संप्रेरकांवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पण दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्यांमध्ये चेहरा सुजणे, हाडे ठिसूळ होणे, रक्तातील साखर वाढणे, शरीरात स्वतःचे संप्रेरक तयार होण्याचे थांबणे असे परिणामही लवकरच दिसू लागले. नाकासाठी सुरुवातीला वापरलेले डेक्सामेथासोन अस्तरातून रक्तात बरेच शोषले जात असे, त्यामुळे नाकावाटे दिले तरी त्याचा परिणाम सर्व शरीरावर होण्याचा धोका होताच. 1970 च्या दशकाच्या आरंभी बेक्लोमेथासोनचा फवारा आला आणि औषध नाकात राहून नाकापुरतेच काम करील, ही कल्पना प्रत्यक्षात उतरली.

नंतरच्या औषधांनी ही कल्पना आणखी पुढे नेली. नाकात मारलेल्या फवाऱ्याचा मोठा भाग प्रत्यक्षात घशाकडे सरकतो आणि गिळला जातो. मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोनचा हा गिळलेला भाग आतड्यातून यकृतात पोहोचला, की यकृत तो पहिल्याच फेरीत जवळजवळ संपूर्ण निकामी करते. त्यामुळे या औषधांचा रक्तात सक्रिय स्वरूपात पोहोचणारा अंश साधारण दोन टक्क्यांहूनही कमी असतो. जुन्या रेणूंमध्ये, म्हणजे बेक्लोमेथासोन, ब्युडेसोनाइड आणि ट्रायमसिनोलोनमध्ये, हे प्रमाण बरेच जास्त आहे, तरी नेहमीच्या मात्रेत तीही सुरक्षितपणे वापरली जातात. प्रौढांची मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन प्रोपिओनेटची नेहमीची मात्रा दिवसाला 200 मायक्रोग्रॅम असते, म्हणजे मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा. स्टेरॉइडच्या गोळ्या मिलिग्रॅममध्ये मोजल्या जातात, पण नुसत्या वजनाची तुलना करून निश्चिंत होऊ नये, कारण स्प्रेमधील रेणू वजनाच्या मानाने अधिक प्रभावी असतात. त्यांची सुरक्षितता मुख्यतः ते रक्तात किती कमी उतरतात यातून येते.

आता वापरण्याची पद्धत, जिच्याविषयी सविस्तर लिहिल्यावाचून मला राहवत नाही. नाकात औषध मारायला काय शिकायचे, असे वाटते, पण औषध नेमके कोठे पडते यावर गुण आणि अपाय दोन्ही अवलंबून असतात. दोन नाकपुड्यांच्या मध्ये जो पडदा असतो, त्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि घोळणा फुटतो तो बहुतेक वेळा तेथूनच. फवारा रोज त्याच जागी आदळला तर अस्तर कोरडे पडते, खपल्या धरतात आणि रक्त येते. उलट, ज्या भागाला औषधाची खरी गरज आहे तो बाहेरच्या भिंतीकडे असतो. तेथील मांसल, वळणदार घड्यांवरची सूज उतरली की श्वास मोकळा होतो. म्हणून उजव्या नाकपुडीत फवारा मारताना बाटली डाव्या हातात आणि डाव्या नाकपुडीत मारताना उजव्या हातात धरावी. असे केले की नोझल आपोआप पडद्यापासून दूर, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळते. मला हे माझ्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी स्वतःच्या हातात रिकामी बाटली घेऊन दाखवले होते, आणि औषध लिहून देणाऱ्या प्रत्येकाने ही दोन मिनिटे द्यायला हवीत असे मला मनापासून वाटते.

फवारा मारण्यापूर्वी नाक हलकेच शिंकरून साफ करावे, कारण शेंबडाच्या थरावर पडलेले औषध अस्तरापर्यंत पोहोचत नाही. नाक फारच भरलेले असेल तर आधी मिठाच्या पाण्याने धुऊन घेणे उत्तम, मात्र त्यासाठी पाणी उकळून थंड केलेले किंवा निर्जंतुक असले पाहिजे. बाटली हलवावी. नवी असेल किंवा बरेच दिवस वापरली नसेल तर माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे सारखा बारीक फवारा येईपर्यंत काही वेळा हवेत दाबावी. मान मागे टाकू नये, किंचित पुढे झुकवावी. मान मागे टाकली की औषध सरळ घशात ओघळते. नोझल थोडेसेच आत घालून दाबावे आणि त्याच वेळी नाकाने अलगद श्वास घ्यावा. जोराने हुंगण्याची सवय अनेकांना असते, पण त्यानेही औषध नाकात न थांबता घशात उतरते. औषधाची चव घशात स्पष्ट जाणवत असेल तर श्वास जास्त जोराने घेतला गेला असे समजायला हरकत नाही. त्यानंतर निदान काही मिनिटे नाक शिंकरू नये. नोझल पुसून ठेवावे, वेळोवेळी धुवावे आणि छिद्र बुजले तरी त्यात टाचणी घालू नये, कारण त्याने छिद्र मोठे होते आणि फवाऱ्याचे प्रमाण बिघडते.

दुष्परिणामांपैकी सर्वांत जास्त आढळणारे म्हणजे नाकातील कोरडेपणा, जळजळ, घसा खवखवणे, डोकेदुखी आणि अधूनमधून रक्ताचा डाग दिसणे. रक्त आले तर काही दिवस स्प्रे थांबवून डॉक्टरांना विचारावे आणि पुन्हा सुरू करताना फवाऱ्याची दिशा तपासावी. पडद्याला छिद्र पडणे अत्यंत विरळ आहे, पण खपल्या आणि रक्त सतत येत असेल तर नाकाची तपासणी करून घ्यायलाच हवी. ज्यांना काचबिंदू किंवा मोतीबिंदू आहे त्यांनी नेत्रतज्ज्ञांना या औषधाची कल्पना द्यावी. नाकाची नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल तर जखम भरेपर्यंत थांबावे लागते. एचआयव्हीच्या उपचारातील रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट घेणाऱ्यांनी मात्र विशेष जपावे. ही औषधे यकृताचे स्टेरॉइड निकामी करण्याचे कामच रोखतात, त्यामुळे फ्लुटिकासोनसारखे एरवी सुरक्षित असणारे औषध रक्तात साठत जाऊन गोळ्यांसारखे गंभीर परिणाम घडवू शकते. आपण घेत असलेली सगळी औषधे डॉक्टरांना सांगण्याचे महत्त्व अशा वेळी कळते.

मुलांच्या बाबतीत आईवडिलांचा पहिला प्रश्न उंचीचा असतो, आणि तो रास्त आहे. वर्षभर चाललेल्या अभ्यासांत बेक्लोमेथासोन, ट्रायमसिनोलोन यांसारख्या काही औषधांनी वाढीचा वेग किंचित मंदावल्याचे दिसले आहे. हा फरक वर्षाला साधारण अर्धा ते एक सेंटिमीटरच्या आत आहे. मोमेटासोनच्या अशा अभ्यासात तसा परिणाम आढळला नाही. म्हणून मुलांसाठी कमी शोषला जाणारा रेणू, गुण येईल एवढी कमीत कमी मात्रा आणि अधूनमधून उंचीची नोंद ही पद्धत मला सर्वांत समंजस वाटते. तोंड उघडे ठेवून झोपणारे, रात्री घोरणारे आणि दिवसा पेंगणारे मूल उपचाराविना ठेवणे हेही त्याच्या वाढीच्या हिताचे नसते, हे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात टाकायला हवे.

ज्यांचा त्रास ठरावीक ऋतूतच उफाळतो, त्यांनी तो सुरू होण्याच्या एक-दोन आठवडे आधीच स्प्रे सुरू केला तर दाह पेटायच्या आतच अस्तर सावरलेले असते. बारमाही त्रास असणाऱ्यांनी लक्षणे आटोक्यात आल्यावर लगेच बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा कमी करत न्यावी. माझे स्वतःचे निम्म्या मात्रेवर बऱ्यापैकी भागते, आणि धुळीचे काम अंगावर आले की काही दिवस पूर्ण मात्रा घ्यावी लागते. गादी-उशांना माइट अडवणारी आवरणे घालणे, चादरी गरम पाण्यात धुणे, घरात ओल राहू न देणे हे उपाय सोबत चालू ठेवावेत, पण एकट्या त्यांच्यावर फार मोठी भिस्त ठेवू नये.

नियमित आणि योग्य पद्धतीने दोन ते चार आठवडे वापरूनही फरक पडला नाही, तर स्वतःच फवारे वाढवण्यापेक्षा पुन्हा डॉक्टरांकडे जावे. अ‍ॅझेलास्टिन आणि फ्लुटिकासोन एकत्र असलेला स्प्रे काहींना चांगला लागू पडतो. काहींच्या बाबतीत अ‍ॅलर्जीच्या चाचण्या करून इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराला त्या पदार्थाची हळूहळू सवय लावणाऱ्या उपचाराचा, विचार करता येतो, जी साधारण तीन वर्षे चालते. कधी निदानच वेगळे निघते, म्हणजे नाकाचा पडदा वाकडा असणे, पॉलिप (नाकातील मऊ गाठ) असणे किंवा अ‍ॅलर्जीशी संबंध नसलेला ऱ्हायनायटिस असणे. एकच नाकपुडी सतत चोंदलेली राहत असेल, एकाच बाजूने वारंवार रक्त किंवा दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल किंवा वास येणे अचानक बंद झाले असेल, तर ते साध्या अ‍ॅलर्जीचे लक्षण नव्हे. अशा वेळी स्प्रेला गुण येण्याची वाट न पाहता नाकाची दुर्बिणीतून तपासणी लवकर करून घ्यावी.