बाबांची औषधं माझ्याकडे आली तेव्हा

"गोळ्या घेतल्यात का, बाबा?" "हो, घेतल्या." डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, निदान झाल्यानंतरही कित्येक महिने या उत्तरावर मी निर्धास्त होते. आयुष्यभर स्वतःची औषधं स्वतः सांभाळलेला माणूस, त्याला काय विचारायचं!

एका सकाळी चक्कर येऊन ते खाटेवरच बसले. रक्तदाब खूप खाली गेला होता. तीन दिवसांपूर्वी उघडलेल्या रक्तदाबाच्या दहा गोळ्यांच्या पाकिटात दोनच उरल्या होत्या. त्यांनी गोळ्या चुकवल्या नव्हत्या. घेतल्याचं विसरून पुन्हा घेतल्या होत्या. मी मात्र डोस राहून जाण्याचीच काळजी करत बसले होते.

आधी सात वारांचा डबा आणला. सोमवारीच मंगळवार-बुधवारचे कप्पे रिकामे! आज कोणता वार हेच ज्याला सांगता येत नाही, त्याच्या हाती हा डबा देऊन काय उपयोग? आता तो मी भरते आणि मीच ठेवते. सगळी औषधं कुलपाच्या कपाटात असतात. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघराजवळ मुद्दाम नाही, कारण उष्णता आणि ओल औषधांना सोसत नाही. पाकिटं कापून ठेवणंही बंद केलं. मुदतीची तारीख नेमकी कापलेल्या तुकड्यावर राहते.

कुलूप बाबांना फार लागलं. "माझी औषधं लपवता?" म्हणून ते दोन दिवस बोलले नाहीत. मग एक वही केली. गोळी गिळली की ते स्वतः सही करतात, शेजारी मी वेळ लिहिते. तासाभराने "मला गोळी दिलीच नाही" म्हणाले, की मी वही पुढे करते. माझ्या शब्दावर नसेल, पण स्वतःच्या सहीवर त्यांचा विश्वास आहे.

पुढे डॉक्टरांनी रिव्हास्टिग्मिन या स्मृतीसाठीच्या औषधाचा, त्वचेवर चिकटवायचा पॅच सुरू केला आणि नवीच चूक घडली. मी बाहेर होते. भावाने नवा पॅच लावला, जुना पाठीवर तसाच राहिला. संध्याकाळपर्यंत बाबांना उलट्या. दोन पॅच म्हणजे दुप्पट औषध, आणि त्याने नाडीही मंदावू शकते. तेव्हापासून आधी जुना काढायचा, चिकट बाजू आत दुमडून टाकायचा आणि मगच नवा. जागा रोज बदलायची, तीच जागा चौदा दिवस पुन्हा नाही. आमच्याकडे तो पाठीच्या वरच्या भागावर लावतो, तिथे बाबांचा हात पोचत नाही.

सर्दीच्या साध्या गोळीनेही घात केला. क्लोरफेनिरामिन असलेली गोळी दिली आणि रात्रभर ते मला ओळखेनात. डॉक्टर म्हणाले, स्मृतीसाठीचं औषध मेंदूतलं ॲसिटिलकोलीन हे आठवणीला लागणारं रसायन टिकवायला बघतं आणि ही गोळी नेमकं त्याचंच काम अडवते. आता खोकल्याचं औषधसुद्धा विचारल्याशिवाय घरात येत नाही.

अलीकडे गोळी गालात धरून ठेवतात, कधी उशीखाली सापडते. नको म्हणाले तर मी वाद घालत नाही, वीस मिनिटांनी पुन्हा जाते. कुटून द्यायचा मोह होतो, पण सावकाश विरघळणारी गोळी कुटली तर सगळं औषध एकदम अंगात जातं. म्हणून पुढच्या तपासणीला पूर्ण यादी नेणार आहे. कोणती पातळ स्वरूपात मिळतात आणि कोणती आता बंद करता येतील, एवढंच विचारायचं आहे.