रुआ झावारी: नाव जुव्हेंतुस, रंग डाळिंबी

ब्राझीलच्या सांव पावलोत जुव्हेंतुस या फुटबॉल क्लबचा सामना बघायला निघालात तर टॅक्सीवाल्याला नुसतं ‘जुव्हेंतुस’ सांगू नका. तो पोहण्याचे तलाव असलेल्या क्लबच्या इमारतीपाशी नेऊन सोडेल, आणि मैदान तिथे नाहीच. ‘रुआ झावारी, मोओका’ म्हणा. नाहीतर ब्रेसेर-मोओका मेट्रोवरून वीसेक मिनिटं चाला.

आत काळे-पांढरे पट्टे शोधू नका. 1924 साली क्रेस्पी कापड गिरणीच्या कामगारांनी काढलेला हा क्लब. 1930 मध्ये गिरणीच्या इटालियन मालकाच्या तुरीनच्या काळ्या-पांढऱ्या युव्हेंतुसवरच्या (नाव तेच, उच्चार इटालियन) प्रेमापोटी नाव बदललं. पण काळा-पांढरा इथे कोरिंथियान्स आणि सांतोस या मोठ्या क्लबांनी आधीच घेतलेला. मग डाळिंबी रंग आला तोरिनोचा, म्हणजे युव्हेंतुसच्या तुरीनमधल्याच कट्टर वैऱ्याचा. त्याच वर्षी या नवख्यांनी कोरिंथियान्सला 2-1 हरवलं आणि ‘मोलेकी त्राव्हेसु’, खोडकर कार्टं, हे नाव कायमचं चिकटलं.

बहुतेक पाहुणे मात्र पेलेच्या अर्धपुतळ्यासाठी येतात. 2 ऑगस्ट 1959, याच मैदानावर, पेलेचा सांतोस 4, जुव्हेंतुस 0. चेंडू जमिनीला टेकू न देता पेलेने एकामागून एक बचावपटूंच्या डोक्यावरून तो उडवला, शेवटी गोलरक्षकाच्याही, आणि डोक्यानेच जाळ्यात घातला. त्याच्या मते हा त्याचा सर्वात सुंदर गोल. त्याचं चित्रीकरणच नाही. पुढे तो संगणकावर उभा करावा लागला. पण जरा विचार करा: वस्तीने अभिमानाने पुतळा उभारलाय तो स्वतःच खाल्लेल्या गोलचा! सेल्फी काढून परतणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी की गिरणीची जुनी इमारत जवळच आहे, आणि तिकडे कुणी फिरकत नाही. 1917 चा सांव पावलोतला सार्वत्रिक संप याच गिरणीच्या कामगारांपासून पेटला. आता तिथे सुपरमार्केट आहे.

या मैदानावर कित्येक दशकं फ्लडलाइट नव्हते, म्हणून सामने दिवसाउजेडी खेळायची सवय. टोपी हवीच. बसायचं की उभं राहायचं हे आधी ठरवा. गोलमागच्या ‘सेतोर 2’ मध्ये ढोल आणि गाणी अखंड चालतात, ‘आधुनिक फुटबॉलचा कायमचा द्वेष’ ही घोषणा दिसते, आणि बसून पाहणं अशक्य. जाळी इतकी जवळ की पाहुण्या गोलरक्षकाला प्रत्येक शिवी नीट ऐकू जाते. शांतपणे खेळ बघायचा असेल तर छपराखालची बाजू घ्या.

आणि कानोली. तळलेल्या कुरकुरीत नळीत क्रीम किंवा चॉकलेट. मध्यंतराची शिट्टी वाजल्यावर उठलात तर रांगेतच दुसरा हाफ सुरू होतो, म्हणून चाळिसाव्या मिनिटालाच निघा. बरोबर न्यायला घेऊ नका, ओलसर क्रीमने नळी नरम पडते. तिथेच, उभ्याउभ्या. पिठीसाखर डाळिंबी शर्टावर लगेच दिसते.