एका गावात तीन क्लिपबोर्ड

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कोलंबसला लागून असलेलं आमचं डब्लिन फ्रँकलिन, डेलावेअर आणि युनियन अशा तीन काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, पसरलंय. एरवी याच्याशी कुणाला काही देणंघेणं नसतं. पण २०२४ मध्ये मी सह्या गोळा करायला लागले, तेव्हा हीच मोठी डोकेदुखी झाली. ओहायोत पिटिशनच्या एका प्रतीवर एकाच काउंटीच्या मतदारांच्या सह्या चालतात, दुसऱ्या काउंटीची सही बाद. म्हणून माझ्याकडे तीन क्लिपबोर्ड असायचे. नमस्कार-चमत्कार झाले की पहिला प्रश्न, “काउंटी कुठली?” त्यावर बरेच जण बायकोकडे बघायचे.

मोहीम होती ‘सिटिझन्स नॉट पॉलिटिशियन्स’ची. इथे मतदारसंघांच्या सीमा आखणाऱ्या सात जणांच्या आयोगात गव्हर्नर, इतर दोन राज्य पदाधिकारी आणि चार आमदार बसतात. म्हणजे निवडून आलेलेच ठरवणार, पुढच्या खेपेला कुणी कुठून निवडून यायचं. २०२१-२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे नकाशे सात वेळा रद्द केले, तरी २०२२ ची निवडणूक अशाच नाकारलेल्या नकाशांवर पार पडली. आमची मागणी होती, हे काम १५ नागरिकांच्या आयोगाकडे द्या: पाच रिपब्लिकन, पाच डेमोक्रॅट, पाच कुठल्याच पक्षाचे नसलेले. नेतृत्व राज्याच्या माजी सरन्यायाधीश मॉरीन ओकॉनर यांचं, आणि त्या रिपब्लिकन. माझ्या काही डाव्या मैत्रिणींना ते खटकायचं. मला मात्र सोयीचं वाटायचं. समोरच्याच्या टोपीवर कुणाचंही नाव असो, बोलायला सुरुवात करता यायची.

त्यासाठी राज्याची घटना बदलावी लागणार होती. घटनादुरुस्ती मतदानाला न्यायची तर गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या १० टक्के सह्या लागतात. त्या वेळी तो आकडा होता ४,१३,४८७. शिवाय ८८ पैकी निदान ४४ काउंट्यांतून, त्या-त्या काउंटीत पडलेल्या मतांच्या ५ टक्के. मी येण्याआधी पहिल्या हजार सह्यांचा आणि प्रस्तावाच्या सारांशाला ॲटर्नी जनरलची, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याची, मंजुरी मिळवण्याचा टप्पा झाला होता. ती मंजुरीही दोन नकारांनंतरची.

प्रशिक्षणात वादविवाद कसा करायचा ते शिकवतील, अशी माझी समजूत होती. शिकवलं ते कारकुनी. शाईचं पेन. मतदार नोंदणीत असेल तोच पत्ता. सही माझ्या डोळ्यांदेखत. शेवटी किती सह्या पाहिल्या तो आकडा मी लिहायचा आणि खाली माझी सही. खोटं लिहिलं तर गुन्हा. लिहिलेल्या आकड्यापेक्षा प्रतीवर सह्या जास्त भरल्या, तर अख्खी प्रत रद्द. घरी आल्यावर मी त्या नोटा मोजाव्यात तशा मोजायचे, आणि नवऱ्यालाही मोजायला लावायचे.

१९ मार्चच्या प्रायमरीला, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीला, आम्ही मतदान केंद्रांबाहेर उभे होतो. दारापासून शंभर फुटांवर छोटे अमेरिकन झेंडे रोवलेले असतात, त्यांच्या आत पाऊल टाकायचं नाही. ते ठिकाण उत्तम, कारण तिथे येणारा नोंदणीकृत मतदारच असतो.

आपल्या लोकांत उलटं. पाडव्याच्या कार्यक्रमाला पार्किंगमध्ये उभी राहिले, तर उत्साह अमाप, पण निम्मे ग्रीन कार्डवर किंवा एच-वनवर, म्हणजे नागरिक नाहीत, त्यांची सही चालत नाही. एक गृहस्थ म्हणाले, “ती गाडीत बसलीये, तिची मीच करतो ना.” मी क्लिपबोर्ड घेऊन गाडीपाशी गेले. लेकीकडे आलेले साताऱ्याचे एक काका सगळं ऐकत होते. “आपल्याकडे मतदारसंघ पुनर्रचनेच्या आयोगावर सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश असतात,” ते म्हणाले, “आणि इथे आमदारच रेघा मारतात?” त्यांच्या जावयाने तेवढ्यावर सही केली.

१ जुलैला मोहिमेने ७,३१,३०६ सह्या दाखल केल्या. तपासणीत ५,३५,००५ वैध ठरल्या. जवळजवळ दोन लाख सह्या गळल्या, तरी पुरून उरल्या. त्या रात्री आम्ही पेढे वाटले.

मग मतपत्रिकेवरचा मजकूर आला. तो आम्ही लिहीत नाही, राज्याचं बॅलट बोर्ड ठरवतं. त्यात म्हटलं होतं की नवा आयोग दोन मोठ्या पक्षांच्या सोयीने जेरीमँडरिंग, म्हणजे पक्षाच्या फायद्यासाठी सीमांची ओढाताण, करायला बांधील असेल. जे थांबवायला निघालो, तेच करणार असल्याचं छापलं गेलं! मोहीम कोर्टात गेली. ४ विरुद्ध ३ मतांनी बहुतेक मजकूर कायम राहिला. उरलेले आठवडे आम्ही दारोदार तो मजकूर समजावण्यात घालवले, आणि खरं सांगायचं तर दारात उभ्या माणसाला एवढा वेळ नसतो.

नोव्हेंबरमध्ये सुमारे ५४ टक्के मतं विरोधात पडली. नंतर आमच्या गल्लीतल्या एक बाई भेटल्या. डेलावेअरच्या क्लिपबोर्डवर त्यांनी अगदी पहिल्या आठवड्यात सही केली होती. मोठ्या समाधानाने म्हणाल्या, “जेरीमँडरिंग नकोच, म्हणून मी ‘नाही’ला मत दिलं हो.”